आधी कानस, मग पिकअप

खानापूर तालुक्यातील एका चोवीस वर्षांच्या वाचकाचे पत्र या वेळी निवडले आहे. ते रोज रेल्वेने बेळगावला येतात आणि उद्यमबागेतील एका मशीनशॉपमध्ये फिटर म्हणून काम करतात. त्यांच्या पत्राचा सारांश असा:

“दोन वर्षे अकूस्टिक गिटार वाजवतो आहे, आता इलेक्ट्रिक घ्यायची आहे. जमवलेले पैसे अठरा हजार आहेत. मडगावला एक जण स्ट्रॅट (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर) घाटाची जुनी गिटार आठ हजारांना द्यायला तयार आहे. ऑनलाइन नऊ हजारांत गिटार, छोटा ॲम्प, पिशवी आणि केबल असा संपूर्ण संच मिळतो. आणि नावाजलेल्या कंपनीचे साधे मॉडेल घ्यायचे तर बहुतेक सगळे पैसे त्यातच जातात. मित्र म्हणतो, स्वस्तातली घे आणि लगेच पिकअप (तारांचा कंप विजेत बदलणारा चुंबकी भाग) बदल, म्हणजे महागाच्या तोडीची होईल. आमच्याकडे चार महिने पाऊस कोसळतो, त्यात गिटार टिकेल का, हीही शंका आहे. वडील भजनात पेटी वाजवतात आणि त्यांना हा सगळा गोंगाट वाटतो. काय घ्यावे आणि कशाच्या आधी काय बदलावे?”

आपल्या पत्रातील सर्वात महत्त्वाची माहिती आपण जाता जाता लिहिली आहे, ती म्हणजे आपण फिटर आहात. माझे संपूर्ण उत्तर त्या एका शब्दाभोवती फिरणार आहे.

स्वस्त गिटार स्वस्त का असते, याचा उलगडा आधी व्हायला हवा. लाकूड हलके, लोखंड मऊ, हे काही अंशी खरे आहे. पण आजकाल अशा गिटारीचे लाकूड कापणारी आणि फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, खाचा पाडणारी यंत्रे पुरेशी अचूक असतात. कारखाना खरी काटकसर करतो ती शेवटच्या दोन-तीन तासांच्या हातकामात. फ्रेटची टोके घासून गोल करणे, नटच्या, म्हणजे खुंट्यांजवळ तारांना आधार देणाऱ्या पट्टीच्या, खाचा तारेच्या जाडीप्रमाणे खोल करणे, नेकचा (मानेचा) बाक पाहून तिच्या आतली सळई जुळवणे, प्रत्येक सॅडल (धडावरच्या ब्रिजवरील तारेचा टेकू) पुढेमागे करून सूर मिळवणे, ही कामे माणसाला बसून करावी लागतात आणि स्वस्त गिटारीत ती अर्धवट सोडलेली असतात. तंबोरा कितीही चांगल्या भोपळ्याचा असला, तरी घोडीवर जवारी निघेपर्यंत तो बोलत नाही. मिरजेच्या ज्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांची किंमतही अशाच हातांची आहे. आपण घेणार आहात त्या गिटारीत नेमके हेच काम बाकी असेल, आणि एक शतांश मिलिमीटर म्हणजे काय हे ज्याला बोटाने कळते, त्याने या कामासाठी दुसऱ्याला पैसे देण्याचे कारण नाही.

मित्राचा सल्ला मी स्वतः एकदा पाळला आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. माझ्या पहिल्या इलेक्ट्रिक गिटारीची तिसरी तार, म्हणजे जी, कधीच सुरात राहत नसे आणि पहिल्या तीन फ्रेटवरचे कॉर्ड नेहमी किंचित चढे लागत. मी तो दोष ‘हलक्या मालाचा’ समजलो आणि गिटारीच्या निम्म्याहून जास्त किंमत मोजून पिकअप बदलून घेतले. आवाज नक्कीच उजळला, पण जो बेसूर आधी मंद ऐकू येत होता तो आता स्वच्छ ऐकू येऊ लागला. पुढे कित्येक महिन्यांनी एका संध्याकाळी खुंटी फिरवताना नटपाशी ‘टिंग’ असा बारीक आवाज ऐकू आला. तार खाचेत अडकत होती आणि खुंटी पुढे गेली की एकदम सुटत होती. शिसपेन्सिलीचे टोक त्या खाचेत चार वेळा फिरवले, तेव्हा निम्मे दुखणे थांबले. उरलेल्या निम्म्यासाठी खाच खोल करायला गेलो आणि हावरटपणे एक ओढ जास्त मारली. तार पहिल्या फ्रेटला लागून खरखरू लागली. मग खाण्याचा सोडा चिमूटभर खाचेत दाबला, त्यावर सुपरग्लूचा एक थेंब सोडला, तो दगडासारखा कडक झाल्यावर पुन्हा, या वेळी मोजून, कानस चालवली. ही दुरुस्ती आजही टिकून आहे.

आता खरेदीकडे वळू. ऑनलाइन संचाबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. अशा संचातील ॲम्प हा बहुधा एका लहान स्पीकरचा डबा असतो आणि इलेक्ट्रिक गिटारीचा जवळजवळ निम्मा स्वभाव ॲम्पमध्ये असतो. शिवाय न पाहता घेतलेल्या वस्तूची नेक पिळलेली निघाली, तर आपल्या कौशल्याचाही तिथे उपयोग नाही. नवीनच घ्यायची तर यामाहाची पॅसिफिका ०१२, फेंडरच्या स्क्वायर नावाखालील साधी मॉडेले, आयबनेझची जिओ मालिका किंवा कॉर्टची जी मालिका यांपैकी जे हातात घेऊन पाहता येईल ते घ्यावे. पॅसिफिका ०१२ मध्ये दोन साधे सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचे पिकअप) आणि ब्रिजजवळ एक हमबकर (दोन वेटोळ्यांचे पिकअप) असल्याने एकाच वाद्यावर दोन्ही जातींचे आवाज कळतात, ही शिकणाऱ्यासाठी मोठी सोय आहे. फक्त अठराच्या अठरा हजार गिटारीत घालू नयेत. सुमारे एक तृतीयांश रक्कम ॲम्प, केबल आणि तारांसाठी बाजूला ठेवावी. नव्या मॉडेलमध्ये ते बसत नसेल, तर मडगावची जुनी गिटार हाच आपला मार्ग आहे आणि माझा कलही तिकडेच आहे, मात्र ती तपासणीतून पार पडली तर.

लोंढ्यावरून मडगावला जाणाऱ्या गाडीत बसताना खिशात चार वस्तू असू द्याव्यात: ॲलन कीचा संच, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांची जुडी), बारीक स्क्रूड्रायव्हर आणि ज्यात ट्यूनर ॲप आहे असा मोबाइल. गिटार हातात आल्यावर वाजवण्याआधी ती बंदुकीसारखी डोळ्यासमोर धरून ब्रिजच्या बाजूने नेककडे पाहावे. किंचित पुढे झुकलेला सरळ बाक असेल तर चिंता नाही, तो सळईने जुळतो. पण एक कड वर आणि दुसरी खाली, म्हणजे पीळ दिसला, तर चहा पिऊन परत यावे. नंतर आतल्या सळईचा नट, जो अशा गिटारींत बहुधा ४ किंवा ५ मिमी की घेतो, मालकाच्या परवानगीने अगदी थोडा हलवून पाहावा. तो हलतच नसेल किंवा मोकळाच फिरत असेल, तर किंमत कितीही उतरली तरी घेऊ नये. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत गंजाची पहिली धाड सॅडलच्या बारीक ग्रब स्क्रूंवर, म्हणजे उंची जुळवणाऱ्या बिनडोक्याच्या स्क्रूंवर, पडते. त्यांतील एखादाच जाम झालेला असेल तर तेल आणि धीर पुरतो, सगळेच जाम असतील तर ब्रिज बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. शेवटी प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकेकदा वाजवावा, हेडस्टॉक जिथे नेकला मिळते तिथे बारीक भेग आहे का ते पाहावे आणि ॲम्पला जोडून पिकअपच्या तोंडावर स्क्रूड्रायव्हरचे टोक हळूच टेकवावे. ‘टक’ असा आवाज आला म्हणजे पिकअप जिवंत आहे. व्हॉल्यूम फिरवताना येणारी खरखर ही कॉन्टॅक्ट क्लीनरच्या एका फवाऱ्याची बाब आहे, तिच्यावरून भाव मात्र अवश्य पाडून घ्यावा. ज्यात तार दोन्ही टोकांना कुलूपबंद होते आणि ब्रिज हवेत तरंगतो, अशी लॉकिंग ट्रेमोलोची गिटार असेल तर पहिल्या खेपेला ती टाळावी, कारण एक तार बदलली की बाकी पाच बिघडतात.

गिटार घरी आली की पहिला खर्च नव्या तारांचा. आपला हात अकूस्टिकच्या जाड तारांना सरावलेला असल्याने १० ते ४६ हा संच योग्य होईल. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात, म्हणजे सर्वात बारीक तार सुमारे ०.२५ मिमीची आणि सर्वात जाड १.१७ मिमीची. बारीक तारांना खुंटीवर तीन वेढे द्यावेत, वेढे खालच्या दिशेने नीट शेजारी शेजारी पडावेत, आणि प्रत्येक तार हाताने हलके ताणून पुन्हा सुरात आणावी. खुंट्या खराब आहेत, नव्या हव्यात, अशी जी ओरड ऐकू येते, तिच्यामागे बहुतेक वेळा सैल वेढे आणि अडकणारी नटची खाच असते.

यानंतर नेकचा बाक. तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे धडाला मिळते त्या फ्रेटवर एकाच वेळी दाबावी, म्हणजे ती सरळपट्टीचे काम करते; मग सातव्या-आठव्या फ्रेटच्या माथ्यावर तारेखाली किती फट आहे ते फीलर गेजने मोजावे. ०.२० ते ०.२५ मिमीचे पाते तारेला न उचलता जात असेल तर बाक योग्य आहे. फट जास्त असेल तर सळईचा नट घड्याळाच्या दिशेने पाव फेरा आवळावा, कमी असेल तर उलट. येथे एक सावधगिरी खास आपल्यासाठी सांगतो: कारखान्यात नट ‘बसला’ याची जी जाणीव आपल्या मनगटाला आहे, ती येथे विसरावी लागेल. हा नट कधीच बसवायचा नसतो; पाव फेरा द्यायचा, तार पुन्हा सुरात आणायची, लाकडाला रात्रभर वेळ द्यायचा आणि सकाळी पुन्हा मोजायचे. जोर लावावा लागतो आहे असे वाटले की तिथेच थांबायचे.

बाक जुळल्यावर बाराव्या फ्रेटवर तारेची उंची पाहावी. १.६ ते २ मिमी ही सुरुवातीला सोयीची उंची आहे, ती सॅडलच्या ग्रब स्क्रूंनी मिळते. तारांच्या खाचा असलेल्या नटची परीक्षा त्यापेक्षा सोपी आणि त्यापेक्षा नाजूक आहे. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबली असता पहिल्या फ्रेटच्या माथ्यावर तिच्याखाली केसाएवढीच फट राहायला हवी. ठळक फट दिसत असेल तर खाच उथळ आहे, आणि सुरुवातीचे कॉर्ड चढे लागण्याचे कारण तेच आहे. नटसाठी खास कानशी मिळतात, पण सहांचा संच आपल्या अंदाजपत्रकाला झेपणार नाही. त्याऐवजी जुन्या फीलर गेजची पाती घेऊन त्यांच्या कडेला त्रिकोणी कानशीने बारीक दाते पाडावेत. ०.३० मिमीचे पाते सर्वात बारीक तारेच्या खाचेला चालेल, पुढच्या तारांना क्रमाने जाड पाती, आणि सर्वात जाड तारांसाठी दोन पाती एकत्र धरता येतात. खाचेला खुंट्यांच्या बाजूला किंचित उतार असावा, म्हणजे तार नटच्या फ्रेटकडील कडेवरच टेकते. उतार उलटा पडला तर सतारीसारखी झंकार येते, जी आपल्याला येथे नको आहे. दोन ओढी माराव्यात, तार बसवून सुरात लावावी, मोजावे, मग पुन्हा दोन ओढी. नटच्या बाबतीत मी हे इतके घोळवून सांगतो आहे, याचे कारण वर सांगितलेला सोडा आणि सुपरग्लू.

ब्रिज ट्रेमोलोचा, म्हणजे दांडीने हलणारा, असेल आणि त्याची दांडी वापरण्याची घाई नसेल, तर मागचे झाकण काढून स्प्रिंगांच्या कड्याचे दोन स्क्रू आवळावेत, इतके की ब्रिज धडावर पूर्ण टेकून बसेल. सूर टिकण्याच्या दृष्टीने या दोन स्क्रूंइतका स्वस्त फायदा दुसरा नाही. पिकअपची उंचीही फुकटच जुळते: तार शेवटच्या फ्रेटवर दाबून पिकअपच्या खुंटांपासून, म्हणजे तारांखालच्या धातूच्या टोकांपासून, सुमारे २ मिमी अंतर ठेवावे, जाड तारांकडे किंचित जास्त. फार जवळ नेल्यास काही पिकअपचे चुंबक तारेलाच ओढू लागतात आणि सूर डोलतो.

ॲम्पसाठी १० ते २० वॅट पुष्कळ झाले, मात्र हेडफोन लावायची सोय असलेलाच घ्यावा, म्हणजे घरातील गोंगाटाचा प्रश्न पहिल्याच दिवशी मिटेल. भजनाच्या साउंड सिस्टीममध्ये किंवा होम थिएटरमध्ये गिटार थेट जोडण्याचा मोह होतो, पण गिटारीच्या पिकअपला सुमारे १ मेगाओहमचा इनपुट लागतो, तो तिथे नसतो, त्यामुळे आवाज निस्तेज येतो. आणि विकृतीचा, म्हणजे डिस्टॉर्शनचा, आवाज पूर्ण पल्ल्याच्या स्पीकरवर गांधीलमाशीसारखा लागतो, कारण गिटारचे खास स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वरचा भाग बहुतांशी गाळून टाकतात. सिंगल कॉइल पिकअप थोडे गुणगुणतील, तो आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा सूर आहे. हमबकरमध्ये दोन वेटोळी उलट जोडून तो रद्द केला जातो, गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला तो हाच उपाय. मात्र घरातील सॉकेटला अर्थिंग नसेल, तर गुणगुण हा क्षुल्लक भाग ठरतो. गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थशी जोडलेल्या असतात आणि पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून त्यांना हात लावणे धोक्याचे होऊ शकते. तीन पिनांचा प्लग बसत नाही म्हणून जाड पिन कापण्याचा उद्योग करू नये. आधी इलेक्ट्रिशियन बोलवावा, तोवर गिटार केबलशिवाय वाजवावी.

पावसाची भीती मात्र अवास्तव आहे. खानापूरच्या पावसात गिटार टिकते, तिची काळजी वर्षातून दोनदा घ्यावी लागते एवढेच. जूनमध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये बाक मोजावा, कारण दमट आणि कोरड्या हवेत लाकूड हलते. पावसाळ्यात गिटार पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी, बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये, आणि वाजवून झाल्यावर तारा जुन्या सुती कापडाने वरून-खालून पुसाव्यात. नाहीतर श्रावण संपायच्या आत त्या तपकिरी होतात. उन्हाळ्यात उलट प्रकार होतो. लाकूड आकसते आणि फ्रेटची टोके कडेला बोचू लागतात. त्यासाठी नेकवर मास्किंग टेप लावून सपाट बारीक कानस तिरकी धरून टोके मोडावीत. बोट फिरवल्यावर काही लागले नाही की काम झाले.

हे सगळे करून सहा-आठ महिने वाजवल्यावर पिकअप बदलावेसे वाटले, तर खुशाल बदलावेत. तेव्हा आपल्याला नेमके काय हवे, जास्त तीक्ष्ण की जास्त भरदार, हे कानाला माहीत झालेले असेल. लिओ फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे होते आणि १९५४ मध्ये आलेल्या त्यांच्या स्ट्रॅटोकास्टरची नेक स्क्रूंनी जोडलेली आहे, म्हणजे भाग सुटे करून बदलता यावेत ही सोय या घाटात मुळातच आहे. पण स्वस्त प्रतींमध्ये इंच आणि मिलिमीटरचा घोळ असतो. जुन्या अमेरिकी मापाच्या ब्रिजचे सहा स्क्रू पहिल्याच्या मध्यापासून शेवटच्याच्या मध्यापर्यंत सुमारे ५६ मिमीत बसतात, आशियाई प्रतींत तेच अंतर अनेकदा ५२ ते ५४ मिमी भरते. व्हॉल्यूमच्या मोठ्या पॉटला (बटणाखालच्या पोटेन्शिओमीटरला) ९.५ मिमीचे भोक लागते, जिथे मूळचे ७ किंवा ८ मिमीचे असते. काही गिटारींचे धडच पातळ असल्याने पूर्ण लांबीचा ट्रेमोलो ब्लॉक (ब्रिजखालचा धातूचा ठोकळा) मागून बाहेर डोकावतो. म्हणून व्हर्नियर लावल्याशिवाय एकही सुटा भाग मागवू नये. सिंगल कॉइलला २५० किलोओहमचे आणि हमबकरला ५०० किलोओहमचे पॉट लावण्याचा प्रघात आहे. सोल्डरचा डाग देण्याआधी मूळ जोडणीचे छायाचित्र काढावे आणि काढलेले भाग एका डब्यात जपून ठेवावेत, कारण गिटार विकताना बदललेल्या भागांची किंमत कोणी देत नाही, ते काढून वेगळे विकता येतात.

एक काम मुद्दाम शेवटी ठेवले, कारण त्यासाठी घरातील दुसरा माणूस लागेल. तारेची लांबी जुळवताना बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर एकच लागायला हवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, म्हणजे नेकपासून दूर, आणि उतरता असेल तर पुढे. ट्यूनर ॲपने हे होते, पण पेटी आणि गिटार दोन्ही समान अंतराच्या बारा सुरांवर चालतात, आणि बहुतेक गिटारवादकांच्या घरी नसलेली पेटी आपल्या घरी आहे. जाडीकडून बारीककडे सहा तारा म्हणजे पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन. पेटी जुनी असेल तर ती ॲपच्या ४४० हर्ट्झपेक्षा थोडी वर-खाली असू शकते, तेव्हा ॲप पेटीला जुळवून घ्यावे, पेटी ॲपला नव्हे. वडिलांना पांढरी सहा धरून ठेवायला सांगावे आणि बारीककडून मोजता पाचवी तार, जाड ए, बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवावी. दोन सुरांमध्ये डोल येतो आहे का, आणि सॅडलचा स्क्रू फिरवताना तो डोल मंदावतो आहे की वाढतो आहे, हे भजनात आयुष्य गेलेल्या कानाला आपल्याआधी कळेल; “अजून थोडं उतरव” असे ते म्हणतील, तेव्हा स्क्रू अर्धा फेरा फिरवून, तार पुन्हा सुरात आणून, त्यांना पुन्हा पांढरी सहा धरायला सांगावे.